पक्ष्यांचे स्वॅब नमुने

पक्ष्याच्या तोंडातील किंवा अवस्करातील (विष्ठा, मूत्र आणि अंडे ज्या एकाच द्वारातून बाहेर पडते तो भाग) सुट्या पेशी मऊ बोळ्याच्या काडीने टिपून त्या डीएनए चाचणीसाठी जपून ठेवण्याच्या क्रियेला स्वॅब नमुना घेणे म्हणतात. पाळीव पक्ष्यांच्या बाबतीत ही चाचणी मुख्यतः नर-मादी ओळखण्यासाठी आणि कबूतरपालनात पिलाचे आईबाप पडताळण्यासाठी केली जाते. आफ्रिकन ग्रे, मकाव, कॉन्युर, लव्हबर्डच्या बहुतेक जाती यांच्यात नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसतात. ओटीपोटाची हाडे चाचपून अंदाज बांधण्याची रीत पक्षीपालकांत जुनी आहे, पण ती बेभरवशाची आहे. आणि दुर्बिणीने पोटातील जननग्रंथी पाहायच्या तर पक्ष्याला भूल द्यावी लागते.

सस्तन प्राण्यांत नराकडे दोन वेगळी लिंग-गुणसूत्रे असतात, तर पक्ष्यांत ती मादीकडे असतात: मादी झेड-डब्ल्यू आणि नर झेड-झेड. सीएचडी-1 हा जनुक या दोन्ही गुणसूत्रांवर असतो, मात्र त्याच्या काही तुकड्यांची लांबी दोन्हींवर वेगवेगळी असते. पीसीआर या तंत्राने या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून त्या लांबीनुसार वेगळ्या केल्या की मादीच्या नमुन्यात दोन पट्टे उमटतात आणि नराच्या नमुन्यात एकच. 1990 च्या दशकात रुळलेली ही पद्धत बहुतेक पक्ष्यांना लागू पडते. शहामृग आणि एमू यांची झेड व डब्ल्यू गुणसूत्रे एकमेकांपासून फारशी वेगळी झालेली नसल्याने त्यांच्यासाठी दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

नमुना घेताना सर्वांत जास्त काळजी पक्षी धरण्यात घ्यावी लागते. पक्ष्यांना मध्यपटल (छाती आणि पोट यांच्यामधला, श्वासाला मदत करणारा स्नायूंचा पडदा) नसते. उरोस्थी (छातीचे हाड) पुढे-मागे हलली तरच त्यांच्या वायुकोशांत (फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत) हवा खेळते. म्हणून छाती मुठीत आवळली, तर तोंड आणि नाक मोकळे असूनही पक्षी गुदमरतो. पक्ष्याला पातळ फडक्यात सैल गुंडाळतात, अंगठा आणि बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून डोके स्थिर करतात आणि छातीवर कसलाही दाब येऊ देत नाहीत. चोच उघडताच काडीचा बोळा गालाच्या आतल्या बाजूला आणि जिभेखाली टेकवून दहा-पंधरा सेकंद हलकेच फिरवतात. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेची फट उघडझाप करताना स्पष्ट दिसते. तिला काडी लागता कामा नये. मोठा पोपट काडी चावून तोडू शकतो आणि तुटलेला बोळा गिळला गेला तर जिवावर बेततो, म्हणून काडी नेहमी चोचीच्या कडेने घालतात आणि बोटांची पकड बोळ्याच्या जवळ ठेवतात. मुनिया किंवा फिंचसारख्या छोट्या पक्ष्यांसाठी बारीक टोकाचे स्वॅब वापरतात. लाकडी काडीतील काही घटक पीसीआरला अडथळा आणतात, त्यामुळे प्लॅस्टिकची काडी आणि नायलॉनच्या तंतूंचा बोळा अधिक चांगला.

चाचणीचा निकाल चुकला की पहिला संशय प्रयोगशाळेवर जातो, पण कित्येकदा चूक पिंजऱ्यापाशीच घडलेली असते. एका पक्ष्याला हाताळलेल्या हातमोज्यांनी दुसऱ्याला हाताळले, तर दोघांच्या पेशी मिसळू शकतात. पिलांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे, कारण त्यांना आईबापाच्या तोंडातून अन्न मिळते. कबूतराच्या पिलाला मिळणारे ‘दूध’ म्हणजे तर आईबापाच्या गळ्याशी असलेल्या अन्नपुटाच्या अस्तरातून सुटलेल्या पेशीच असतात. ते नुकतेच प्यायलेल्या पिलाच्या तोंडात आईचाही डीएनए सापडू शकतो आणि मग नर पिलू मादी म्हणून नोंदले जाते. उलट दिशेची चूक निराळ्या कारणाने होते: नमुन्यात पेशी फारच कमी असल्या आणि डब्ल्यूचा पट्टा उमटलाच नाही, तर मादी नर ठरते. म्हणून भरवल्यानंतर काही वेळ थांबणे, तोंडात दाण्याचे कण असल्यास ते स्वच्छ पाण्याने काढणे आणि एकाच पक्ष्याचे दोन स्वॅब घेणे हिताचे असते.

घेतलेला स्वॅब कशालाही न टेकवता सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. ओला स्वॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की बुरशी आणि जिवाणू वाढून डीएनए तुटतो. कोकणातील पावसाळ्यात तर वाळवण्याला मुद्दाम जास्त वेळ द्यावा लागतो. पाकिटावर पक्ष्याच्या पायातील कड्याचा क्रमांक तिथल्या तिथे लिहितात, आठवणीवर सोडत नाहीत.

रक्त आणि पिसे हे स्वॅबचे पर्याय आहेत. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत डीएनए बाळगणारे केंद्रक असल्यामुळे रक्ताचा एक थेंबही पुरतो, पण त्यासाठी सुई टोचावी लागते. पिसाच्या देठाच्या टोकाशी असलेल्या पेशींतून डीएनए मिळतो. जमिनीवर गळून पडलेले पीस मात्र कोणाचे, हे खात्रीने सांगता येत नाही.

रोगनिदानासाठी घेतलेल्या स्वॅबची हाताळणी वेगळी असते. बर्ड फ्लूच्या विषाणूत डीएनएऐवजी त्याहून लवकर तुटणारा आरएनए असल्याने घशाचे आणि अवस्कराचे स्वॅब वाळवत नाहीत, ते विषाणूंसाठीच्या खास द्रावणात बुडवून थंड ठेवूनच पाठवतात. भारतात हा रोग प्रथम 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला आणि त्याचे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले.

त्याच जिल्ह्यात शहाद्याजवळ 1997 साली रानपिंगळा हा घुबडांपैकी पक्षी शतकाहून अधिक काळाने पुन्हा सापडला. तो स्वतंत्र प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) की पिंगळ्याच्याच अथेनी प्रजातीतला, हा जुना वाद होता. तो अथेनीतलाच असल्याचे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातून दिसून आले. अशा वन्य पक्ष्याला पकडून नमुना घ्यायचा तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते, मग नमुना नुसता तोंडातल्या स्वॅबचा असला तरीही.