आठव्या महिन्यातला खोकला

ऐन चवथीत आमच्या वहिनीला ताप भरला. आठवा महिना. फोंड्याचं घर पाहुण्यांनी भरलेलं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झालेली, आणि ती आतल्या खोलीत तीन उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लावायची. आडवी झाली की धाप लागे. पावसातली सर्दी म्हणून आम्ही दोन दिवस काढ्यावर काढले. त्याची रुखरुख अजून जात नाही.

गर्भारपणातल्या फ्लूचा हा धोका काही नवा नव्हे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतल्या जे. डब्ल्यू. हॅरिस या डॉक्टरांनी १३५० गर्भवतींच्या नोंदी गोळा केल्या. निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला होता, सुमारे २७ टक्के दगावल्या. न्यूमोनिया झालेल्यांत निम्म्याहून अधिक जणींचा गर्भपात झाला किंवा दिवस भरण्याआधीच कळा आल्या. १९५७ च्या साथीत पुन्हा तेच. २००९ च्या स्वाइन फ्लूत तर अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवती जेमतेम १ टक्का, पण मृतांत त्या ५ टक्के होत्या.

शेवटच्या महिन्यांत गर्भाशय छाती-पोटामधल्या पडद्याला सुमारे चार सेंटिमीटर वर ढकलतं. फुप्फुसात राखीव हवा कमी उरते, उलट प्राणवायूची गरज वाढलेली असते. त्यात न्यूमोनिया झाला की आईचा प्राणवायू झपाट्यानं उतरतो आणि बाळाचाही तुटतो.

उपाय मात्र फार उशिरा हाती आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या अभ्यासात ३४० मातांपैकी काहींना शेवटच्या तिमाहीत फ्लूची लस दिली. त्यांच्या बाळांत तपासणीत खात्री झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही, म्हणून आईच्या वारेतून मिळणारी प्रतिपिंडं हाच त्याचा आधार. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं फ्लूच्या लशीसाठी गर्भवतींना अग्रक्रम द्यायला सांगितलं. कोविडची लस आपल्याकडे गर्भवतींना खुली झाली ती २ जुलै २०२१ ला. गोव्यात दुसऱ्या लाटेचा सगळ्यात वाईट काळ मे महिन्यातच होऊन गेला होता! ज्या बायांनी तो एप्रिल-मे पोटुशीपणी काढला, त्यांच्यासाठी हा उशीर मला आजही सहन होत नाही.

आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, म्हणजे नेमका चवथीच्या आगेमागे असतो.

वहिनीचं बाळ पस्तिसाव्या आठवड्यात आलं, आठ दिवस काचेच्या पेटीत राहिलं. दोघं सुखरूप आहेत. नंतर मी तिची तपासणीची फाइल उलटून पाहिली. धनुर्वाताच्या दोन्ही इंजेक्शनांच्या तारखा व्यवस्थित लिहिलेल्या होत्या. फ्लूच्या लशीचा उल्लेख एकाही पानावर नव्हता.