टॉर्नेडोत खिडक्या उघडायच्या का?

'टॉर्नेडो येतोय कळलं की घराच्या सगळ्या खिडक्या उघडा, नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने घर फुटतं', हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. एकेकाळी अमेरिकेत तो अगदी सर्रास दिला जायचा, त्यामुळे खरा वाटणं साहजिकच आहे.

आता नीट बघू. खालची गरम दमट हवा, वरची थंड कोरडी हवा आणि उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग नि दिशा बदलत असेल तर हवा आडवी गरगरायला लागते, मग ढगात वर चढणारा झोत ती गिरकी उभी करतो आणि त्यातूनच कधीकधी टॉर्नेडो जमिनीला टेकतो. मधे दाब कमी असतो हे खरंच. पण घर काही हवाबंद डबा नसतं, सगळं बंद करून दाराच्या फटीशी उदबत्ती धरून बघा, धूर हलतोच.

घर मोडतो तो वारा. ३-४ एप्रिल १९७४ ला अमेरिकेत साधारण २४ तासांत १४८ टॉर्नेडो झाले, ३०० च्या वर माणसं गेली, ओहायोतलं झीनिया शहर तर भयंकर उद्ध्वस्त झालं. अशा पडझडीचे फोटो बघताना भिंती कुठे पडल्यात ते बघा. घर आतून फुटलं असतं तर चारही भिंती बाहेर पडल्या असत्या, पण वाऱ्याकडची भिंत बरेचदा आत ढकललेली दिसते, आणि उघड्या खिडकीतून शिरलेला वारा छपराला उलट खालून रेटा देतो.

तिकडे आपले नातेवाईक असतील तर प्लीज सांगा, खिडकीजवळ जाऊच नका, सरळ तळघरात जा, ते नसेल तर तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या आतल्या खोलीत.