पाळीखालचं पाणी नितळ आहे ना?

पोळ्याच्या सुमारास विदर्भातले लहान तलाव भरत येतात आणि त्यांच्या पाळीमागची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधामागची जमीन ओलसर होऊ लागते. खालच्या वावरात चिखल होतो, एखाद्या जागी बारीक धार लागते. मग गावात दोन मतं पडतात. एकाला वाटतं, पाळ आता जाते. दुसरा म्हणतो, "अरे, ते तर दरवर्षीच झिरपते." दोघांपैकी बरोबर कोण, हे धार किती जाड आहे एवढ्यावरून ठरत नाही. तिच्यातून माती वाहतेय का, हे आधी पाहावं लागतं.

मातीचं धरण पाणी पूर्णपणे अडवत नाही, तशी अपेक्षाही नसते. मातीच्या कणांमधल्या फटींतून पाणी वाट काढतंच. १८५६ साली आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी सोडून केलेली मोजमापं प्रसिद्ध केली. दोन बाजूंच्या पाणीपातळीतला फरक जितका मोठा आणि मधला मातीचा रस्ता जितका आखूड, तितकं जास्त पाणी झिरपतं, हा त्यांचा नियम. धरण बांधणाऱ्याचं काम म्हणजे हा रस्ता लांब आणि अवघड करणं. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर बांधलेल्या कित्येक तलावांत हे काम काळ्या मातीचा गाभा करतो. साइटवर त्याला हार्टिंग म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग म्हणजे आवरण, पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग म्हणजे अस्तर आणि मागच्या पायथ्याशी रचलेले दगड. काळी माती पाणी रोखते, पण वाळली की भेगाळते. मुरूम तसा भेगाळत नाही, पण पाणी सोडतो. म्हणून काळी माती आत आणि मुरूम बाहेर. पाळीवरचा मुरूम घराच्या भरावासाठी खोदून नेला की आतली काळी माती उन्हाला उघडी पडते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि जूनचं पहिलं पाणी त्याच भेगांत शिरतं.

झिरपणारं पाणी नुसतं वाहत नाही, वाटेतल्या कणांना ओढतही असतं. पाळीमागे जिथे ते जमिनीतून वर येतं, तिथे या ओढीला कणांचं वजन विरोध करतं. एक मीटर जाडीच्या थरातून वर चढताना पाण्याच्या पातळीत साधारण एक मीटरचा फरक पडत असेल, तर पाण्यात बुडालेल्या मातीचं वजन आणि पाण्याचा जोर सारखे होतात. माती तरंगू लागते. जमिनीवर उकळ्या फुटल्यासारखं दिसतं आणि भोवती बारीक वाळूची वर्तुळं साचतात. इथून पहिले कण निघाले की मधला रस्ता तेवढा आखूड होतो. रस्ता आखूड झाला की ओढ वाढते आणि आणखी कण सुटतात. अशी पोकळी मागून पुढे, म्हणजे पायथ्याकडून तलावाच्या दिशेने सरकत जाते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. काळ्या मातीत धोका जास्त, कारण तिचं छत टिकून राहतं. आतला बोगदा कोसळून आपोआप बुजत नाही, आणि वरून पाळ ठणठणीत दिसत असते.

थोडा हिशेब करून पाहू. सेकंदाला एक लिटर, म्हणजे फारशी कुणाच्या नजरेत न भरणारी धार. त्या प्रत्येक लिटरमध्ये एक ग्रॅम माती असली, तरी दिवसाला ८६ किलो माती पाळीतून बाहेर जाते आणि महिन्याला अडीच टन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल इतकी ही माती पाळीच्या नेमक्या कुठल्या भागातून गेली, हे बाहेरून दिसत नाही. उलट याच्या दुप्पट धार असेल आणि पाणी काचेसारखं नितळ असेल, तर पाळीची रचना आपलं काम करत असण्याची शक्यता बरीच आहे.

हे नितळपण टिकवतो तो फिल्टर, म्हणजे गाभ्यामागचा वाळूचा थर. मृद यांत्रिकीचे जनक कार्ल टेर्झाघी यांनी त्याचा मेळ घालून दिला. वाळू इतकी बारीक हवी की गाभ्याचे कण तिच्या फटींत अडकावेत, आणि इतकी जाड हवी की पाणी मात्र न तुंबता निघून जावं. गावाजवळच्या अनेक जुन्या पाळींना असा फिल्टर नाहीच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले तलाव, तर या शास्त्राच्या आधीचे. कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेल्या त्या पाळी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, कारण कुणीतरी सतत त्यांची डागडुजी करत होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ती डागडुजी बहुतेक ठिकाणी कुणाचीच राहिली नाही. पाळीचं वय वाढलं याची मला तेवढी चिंता वाटत नाही, जेवढी तिच्याकडे नियमित पाहणारं माणूस राहिलं नाही याची वाटते.

पश्चिम विदर्भात आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मातीत सोडियम जास्त आहे. अशा मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, साध्या स्थिर पाण्यातही सुटे होतात. तिच्यातून झिरपा लागला तर पाण्याला जोर असायचीही गरज नसते. ओळखायला सोपं आहे: पाळीच्या मातीचं लहान ढेकूळ पेल्यातल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये अलगद सोडायचं आणि न ढवळता पाहत राहायचं. ढेकूळ नुसतं विरघळून खाली बसलं तर ठीक. पण त्याच्याभोवती धुक्यासारखा गढूळ पडदा पसरला आणि टिकला, तर माती खोटी आहे. विहिरीचं पाणी यासाठी चालत नाही, त्यातले क्षार परिणाम झाकतात. अशा पाळींवर पावसाळ्यानंतर सरळ खाली उतरलेली भोकंही दिसतात. ती घुशीची समजून सोडून देऊ नयेत.

अर्थात घुशीची भोकंही निरुपद्रवी नसतात. घूस, साळिंदर, खेकडे यांची बिळं म्हणजे पाण्याला आयता मिळालेला आखूड रस्ता. पाळीवरच्या बाभळीचंही तसंच. झाड जिवंत असताना मुळं माती धरतात. तोडल्यावर ती आत कुजतात आणि जाड मुळाच्या जागी नळी उरते. म्हणून झाड हाताच्या बोटाएवढं असतानाच उपटावं. मोठं झालेलं झाड तोडायचं तर बुंध्यासकट मुळं काढून खड्डा थराथराने धुम्मस करून भरावा लागतो. आणि बेशरम हे झुडूप! पाळीमागच्या पायथ्याला तिचं रान माजलं की पाझर कुठे आहे, नितळ आहे की गढूळ, काहीच दिसत नाही. दिवाळीआधी ती कापून पायथा मोकळा करणं हे मी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम मानतो.

पाळीतून पाणी काढणाऱ्या नळाच्या कडेनेही बरेचदा गळती सुरू होते. नळाच्या गोलाईखाली माती नीट दाबली जात नाही. त्या तोंडापाशी धार दिसली तर ती नळातून येतेय की नळाच्या बाहेरून, एवढं नक्की पाहावं.

जगभरच्या मोठ्या मातीच्या धरणांच्या नोंदी सांगतात की फुटलेल्या धरणांपैकी साधारण निम्मी अशा आतल्या झिजेने गेली आणि जवळपास तितकीच पाणी माथ्यावरून गेल्याने. दुसऱ्या प्रकारात सगळी भिस्त सांडव्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेवर असते. समजा, सांडवा २० मीटर रुंद आहे. त्यावरून एक मीटर उंचीचं पाणी जात असेल, तर सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर पूर निघून जातो. आता मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मक्तेदाराने लावलेल्या जाळीत काडीकचरा अडकून निम्मा सांडवा बंद झाला. तेवढाच पूर जायला आता पाण्याची उंची सुमारे १.६ मीटर लागते. सांडव्याच्या पातळीपासून पाळीचा माथा दीडच मीटर उंच असेल, तर पाणी पाळीवरून जाणार, आणि उघड्या मातीला तास-दोन तासांचा असा प्रवाह पुरे होतो. पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर रेतीची पोती रचणं हाही असाच प्रकार. त्यामागची तहान खरी आहे, पण ती पोती पाळीचीच उंची खातात.

या लहान पाळींवर लक्ष कुणाचं? धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटी पुऱ्या झाल्या तरच. त्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं बंधनकारक आहे. गावाजवळच्या बहुतेक पाळी १० मीटरच्या आत असतात. पण पाळ फुटली तर खालच्या वस्तीला तिची उंची विचारायला वेळ मिळत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

गढूळ धार दिसली की सहसा लोक तिच्यावर काळी माती किंवा मुरूम टाकून ती दाबू पाहतात. हे करू नये. आतला दाब वाढून पाणी दुसरीकडून, बहुधा आणखी वरून फुटतं. आधी जाड रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठे दगड असा उलटा फिल्टर रचावा, म्हणजे पाणी निघत राहतं आणि माती अडते. जमिनीतून उकळी फुटत असेल तर भोवती रेतीच्या पोत्यांचं कडं करावं, आत थोडं पाणी साचू द्यावं, त्याच्या वजनाने उकळीचा जोर कमी होतो. त्याच वेळी तलावात भोवरा दिसला, किंवा पाळीच्या माथ्यावर खड्डा पडला, तर डागडुजीची वेळ गेलेली असते. पोलिस पाटलांनी तहसीलला कळवून खालची वस्ती लगेच रिकामी करावी.

हे सगळं वेळीच कळायला ग्रामपंचायतीत एक वही पुरते. तारीख, पाणी सांडव्यापासून किती खाली आहे, धारेखाली धरलेली बादली किती सेकंदांत भरली, आणि बाटलीत घेतलेल्या पाण्याच्या तळाशी दुसऱ्या दिवशी गाळ बसला का. तलावाची पातळी तीच असताना यंदा बादली गेल्या वर्षीपेक्षा लवकर भरत असेल, तर धार नितळ असली तरी आत काहीतरी बदललंय. ही वही जोडून अर्ज जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे दिवाळीनंतर लगेच द्यावा. पायथ्याशी खोदून फिल्टर बसवायचं काम पाणी उतरल्यावर, जानेवारी ते मे या महिन्यांतच होऊ शकतं, आणि त्याआधी अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत हिवाळा निघून जातो.