एसएलए आणि द्विभाषिकता: हे करिअर आलं कुठून

द्वितीय भाषा संपादन (सेकंड लँग्वेज अॅक्विझिशन), शॉर्टमध्ये एसएलए, म्हणजे मातृभाषेनंतरची भाषा माणूस कसा शिकतो याचा अभ्यास, या विषयातल्या चार प्रोफेसरांचे सीव्ही काढून बघा, एक मानसशास्त्र विभागात, एक भाषाशास्त्रात, एक शिक्षणशास्त्रात आणि चौथा कुठल्यातरी लँग्वेज सेंटरमध्ये, आणि चौघंही म्हणणार की आमचा विषय एकच आहे. नोकरीच्या जाहिराती शोधणाऱ्याचा यात पार गोंधळ उडतो, पण मागचा इतिहास बघितला की नवल वाटत नाही.

सुरुवात केली ती भाषा शिकवणाऱ्यांनी. मिशिगन विद्यापीठात 1941 साली चार्ल्स फ्रीझने इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट काढली, तिथूनच 1948 ला 'लँग्वेज लर्निंग' हे जर्नल निघालं, आणि 1957 मध्ये रॉबर्ट लाडोने पुस्तकात मांडलं की दोन भाषा शेजारी ठेवून तुलना करा, जिथे फरक तिथे विद्यार्थी अडणार. मग तेवढा भाग घोटून घ्यायचा. संशोधक म्हणजे तेव्हा मुळात धडे तयार करणारा माणूस, विद्यार्थ्याच्या डोक्यात काय चाललंय याची कुणाला फारशी पडलेली नव्हती.

हे बदललं 1967 मध्ये. एडिनबरोच्या पिट कॉर्डरने लिहिलं की चुका म्हणजे नुसता कचरा नाही, शिकणाऱ्याने स्वतःचे काही नियम बांधलेत त्याचा तो पुरावा आहे, आणि 1972 मध्ये लॅरी सेलिंकरने त्या अर्धवट व्यवस्थेला 'इंटरलँग्वेज' म्हटलं. माझ्या मते खरं करिअर इथून सुरू झालं, कारण आता शिकणाऱ्याची भाषा हाच डेटा झाला आणि त्यावर पीएचडी करता यायला लागली. ड्युले आणि बर्टने 1974 मध्ये दाखवलं की स्पॅनिश बोलणारी आणि चिनी बोलणारी मुलं इंग्रजीचे प्रत्यय वगैरे जवळपास एकाच क्रमाने उचलतात, म्हणजे लाडोचा हिशोब तिथे बसत नव्हता. मग आला स्टीफन क्रॅशन, त्याचं म्हणणं समजेल असं इनपुट, म्हणजे ऐकायला-वाचायला मिळणारी भाषा, भरपूर मिळालं की झालं. शिक्षकांना प्रचंड आवडला, आणि संशोधकांच्या एका अख्ख्या पिढीने त्याला खोडण्यात करिअर केलं (हेही एक योगदानच म्हणायचं). मेरिल स्वेनने 1985 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच इमर्शनच्या (शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकणाऱ्या) मुलांकडे बोट दाखवलं, वर्षानुवर्षं फ्रेंचमध्ये शिकून त्यांना समजतं छान पण बोलताना व्याकरण कच्चंच राहतं, म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही, बोलायला लागतं.

द्विभाषिकतेचा अभ्यास मात्र तोपर्यंत वेगळ्याच रस्त्याने चालला होता. तो सुरू झाला घरात, रोंजाने 1913 मध्ये स्वतःच्या मुलाच्या फ्रेंच-जर्मनवर पुस्तक लिहिलं आणि लिओपोल्डने मुलीच्या भाषेच्या नोंदींचे चार खंड 1939 ते 1949 मध्ये काढले. दुसरीकडे बुद्ध्यांकवाले होते. साएरने 1923 मध्ये वेल्समधल्या मुलांवरून द्विभाषिक मुलं मागे पडतात असं सांगितलं आणि ही भीती कितीतरी वर्षं टिकली. अशा जुन्या अभ्यासांमध्ये घरची परिस्थिती नीट धरलेलीच नसायची. मॉन्ट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्टने 1962 मध्ये सामाजिक स्तर सारखा ठेवून दहा वर्षांची मुलं तपासली तर निकाल उलटा आला, द्विभाषिक पुढे.

हे दोन रस्ते एकत्र यायला बराच वेळ लागला. एसएलएवाले शिकणाऱ्याला सतत मूळभाषकाशी ताडून बघत होते, आणि 1989 मध्ये फ्रान्स्वा ग्रोजाँने ठणकावलं की द्विभाषिक माणूस म्हणजे एकात बसवलेले दोन एकभाषिक नव्हेत. व्हिव्हियन कुकनेही 1990 च्या दशकात हाच मुद्दा एसएलएत लावून धरला. 1998 मध्ये 'बायलिंग्वलिझम: लँग्वेज अँड कॉग्निशन' हे जर्नल सुरू झालं आणि मानसशास्त्रवाल्यांची रांग लागली.

त्यात सगळ्यात जास्त गाजलं एलन बियालिस्टॉकचं काम, की दोन भाषांमुळे लक्षावरचा ताबा सुधारतो, आणि 2007 च्या पेपरमध्ये तर डिमेन्शियाची लक्षणं साधारण चार वर्षं उशिरा दिसली असं होतं. बातम्यांना तेवढं पुरे. पण 2013 मध्ये पाप आणि ग्रीनबर्गला त्यांच्या प्रयोगांत असा फायदा सापडला नाही, आणि 2015 मध्ये अँजेला द ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॉन्फरन्समध्ये मांडलेल्या अभ्यासांपैकी फायदा दाखवणारेच जर्नलमध्ये जास्त छापून येतात. वाद अजून मिटलेला नाही, पण त्यामुळे नव्या माणसाकडून स्टॅटिस्टिक्स, आधीच नोंदवून ठेवलेली गृहीतकं आणि खुला डेटा यांची अपेक्षा वाढली, मग तो कुठल्याही विभागात अर्ज करो.