वीज कंपनी किंवा रेल्वेत टेलिकॉम टेक्निशियन: शिकाऊ उमेदवारीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

टेलिकॉमची कामं मोबाईल कंपन्यांपुरतीच असतात असं बहुतेकांना वाटतं. पण अतिउच्चदाब वाहिन्यांच्या टॉवरवर सगळ्यात वर जी अर्थवायर दिसते, तिच्यातच अनेक ठिकाणी ऑप्टिकल फायबर असतो. उपकेंद्रातलं रीडिंग आणि रिलेचे ट्रिप सिग्नल (बिघाड झाल्यावर वाहिनी बंद करायचा इशारा) त्यातून जातात. रेल्वेत सिग्नल आणि दूरसंचार हा स्वतंत्र विभागच आहे. या क्षेत्रात शिरायचा एक रस्ता म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालची अप्रेंटिसशिप. विद्यावेतन घेऊन काम शिकायचं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळवायचं.

सुरुवातीलाच गल्लत होते ती पोर्टलची. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करायची. डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांचं पोर्टल वेगळं, नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना). ते शिक्षण मंत्रालयाकडे आहे आणि पश्चिम विभागाचं काम मुंबईचं ‘बोट’ म्हणजे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाचं कार्यालय पाहतं. आयटीआय आणि डिप्लोमा दोन्ही असतील तर जाहिरात कोणत्या पात्रतेसाठी आहे ते आधी बघा.

आयटीआयच्या ट्रेडपैकी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि आयसीटीएसएम (माहिती व संपर्क तंत्रज्ञान प्रणालीची देखभाल) हे या कामाला सगळ्यात जवळचे. वीज कंपन्यांच्या बहुतेक जागा वीजतंत्री ट्रेडच्या असतात, तेव्हा ‘वीज कंपनीची भरती आहे’ एवढंच ऐकून अर्ज टाकू नका. ट्रेडनिहाय तक्ता उघडून आपला ट्रेड आहे का ते पाहा. ऑप्टिकल फायबर टेक्निशियन, टॉवर टेक्निशियन असे ऐच्छिक (कंपन्यांनी स्वतः आखलेले) ट्रेडही आहेत, पण ते मुख्यतः खासगी कंत्राटदारांकडे मिळतात.

वयाची कायदेशीर किमान मर्यादा १४ वर्षं, धोकादायक उद्योगांत १८. वरची मर्यादा जाहिरातीत असते. रेल्वेत साधारण १५ ते २४ आणि प्रवर्गानुसार सवलत. पूर्वी याच कायद्याखाली अप्रेंटिसशिप केली असेल तर पुन्हा घेत नाहीत. नॅट्सच्या जागांना एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव असलेला उमेदवार सहसा बाद होतो. म्हणजे इथे अनुभव लिहून भाव वाढत नाही, अर्जच जातो.

नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे

पोर्टलवर प्रोफाईल शंभर टक्के भरलं आणि नोंदणी क्रमांक मिळाला, की काम झालं असं समजून अनेकजण थांबतात. तो क्रमांक म्हणजे फक्त ओळख. त्यानंतर जाहिरातीत दिलेल्या आस्थापना क्रमांकाने (हा ‘ई’ अक्षराने सुरू होतो) ती आस्थापना, म्हणजे उमेदवार घेणारी कंपनी किंवा कार्यालय, शोधून तिच्याच संधीवर अर्ज करावा लागतो. एका कंपनीच्या वेगवेगळ्या मंडळ कार्यालयांचे क्रमांक वेगळे असू शकतात. शेजारच्या जिल्ह्याच्या क्रमांकावर गेलेला अर्ज तुमच्या मंडळाच्या यादीत येत नाही. काही कार्यालयं ऑनलाइन अर्जाची प्रत आणि कागदपत्रांचा संच समक्ष किंवा टपालानेही मागतात.

मध्य रेल्वेचं आणखी वेगळं. तिथे रेल्वे भरती कक्षाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो. जागा मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर अशा विभागांत वाटलेल्या असतात. परीक्षा नाही, दहावी (किमान ५० टक्के) आणि आयटीआय यांच्या गुणांच्या सरासरीवर गुणवत्ता यादी लागते. म्हणून आयटीआयच्या सगळ्या सत्रांची गुणपत्रकं लावा, शेवटच्या वर्षाचं एकच लावून चालत नाही.

कागदपत्रं

दहावीचं गुणपत्रक, आयटीआयची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्र (डिप्लोमा, पदवी असल्यास त्यांची), शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सही, लागू असल्यास जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. केंद्रीय आस्थापनेत ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा नमुना तिथे चालत नाही. निवड झाल्यावर वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र आणि काही ठिकाणी पोलीस पडताळणी.

सगळ्यात जास्त अडतं ते नावात. दहावीच्या गुणपत्रकावर ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ आणि आधारवर फक्त नाव-आडनाव असलं, की ई-केवायसी अडकू शकते. आधार आधी दुरुस्त करा, मग नोंदणी. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.

दुसरी अडचण बँकेची. विद्यावेतनातला सरकारचा वाटा थेट खात्यात येतो, आणि तो येतो आधार मॅप झालेल्या खात्यात. पासबुकावर आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) खातं मॅप असणं वेगळं. शाखेत जाऊन ‘एनपीसीआय मॅपिंग झालंय का’ असंच विचारा.

पैसे किती

२०१९ च्या नियमदुरुस्तीने किमान दर ठरवले ते आयटीआयला महिना ७,००० रुपये, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला ९,०००. आस्थापना याहून जास्त देऊ शकते, त्यामुळे चालू जाहिरातीतला आकडाच धरा. आयटीआयवाल्यांच्या योजनेत यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं आणि उरलेलं आस्थापना. कंपनीकडून कमी आले म्हणून भांडायच्या आधी दोन्ही जमा रकमांची बेरीज करून पाहा.

वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी हलक्यात घेऊ नका. फायबर रंगांनी ओळखतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे बारा. चोवीस फायबरच्या केबलमध्ये सहसा बाराबाराच्या दोन ट्यूब असतात आणि तेरावा फायबर पुन्हा निळाच, फक्त दुसऱ्या ट्यूबमधला. जॉइंट बॉक्समध्ये ट्यूब उलटी जोडली तर स्प्लाइस (दोन फायबरचा जोड) कितीही स्वच्छ असली तरी लिंक येत नाही.

करार आणि त्यानंतर

रुजू झालात तरी पोर्टलवर करार तयार होऊन दोन्ही बाजूंनी मान्य होईपर्यंत तुम्ही अप्रेंटिस नाही. उमेदवार अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर पालकाची सही लागते. करारावरचा ट्रेड, कालावधी आणि सुरुवातीची तारीख वाचून घ्या. ट्रेड चुकला तर परीक्षाही चुकीच्या ट्रेडची. आयटीआय केलेल्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला साधारण एक वर्ष. त्यात टेलिकॉम विभागाचं काम मिळावं म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी विनंती द्या, नाहीतर वर्ष कार्यालयातले प्रिंटर दुरुस्त करण्यात जातं.

आयटीआय ट्रेडवाल्यांची शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, नॅट्सवाल्यांना बोटकडून. कायद्याने कंपनीवर कायम नोकरी देण्याचं बंधन नाही. रेल्वेत मात्र रेल्वे आस्थापनेत अप्रेंटिसशिप पूर्ण करून हे प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी लेव्हल-१ (सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा ठेवलेल्या असतात.