ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर ई-मेल आणि न्यूजग्रुप: नोंद कोठे राहते?

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारे सुरक्षाविषयक नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे लातूरच्या मोंढ्यातील आडत दुकानांपासून परभणी-नांदेडच्या महाविद्यालयीन कार्यालयांपर्यंत अनेक ठिकाणचे संगणक नव्या सिस्टिमवर नेण्याचे काम निघाले. हे काम तसे जुनेच आहे. विंडोज एक्सपी गेले तेव्हा ते करावे लागले आणि विंडोज ७ गेले तेव्हाही. दर वेळी ई-मेलबाबत दोन तक्रारी ऐकू येतात. एक म्हणजे, ‘फॉरमॅट मारला आणि सगळे मेल गेले’. दुसरी नेमकी उलटी असते: ‘सगळे जुने मेल पुन्हा नव्याने येऊन पडले’. परस्परविरोधी वाटणाऱ्या या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: आपला संगणक आणि सर्व्हर (पत्रे साठवून ती पुरवणारा सेवेचा संगणक) यांच्यात ‘काय पोचले, काय वाचून झाले’ याचा जो हिशेब चालू होता, तो सिस्टिम बदलताना तुटलेला असतो. न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरील विषयवार चर्चेचे गट, यांच्याबाबतही असेच घडते.

ई-मेल वापरताना तीन निराळ्या गोष्टी साठवल्या जातात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष पत्रे, दुसरी म्हणजे सर्व्हरचे नाव, पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) आणि पासवर्ड यांसारखी जुळणीची माहिती, आणि तिसरी म्हणजे कोणते पत्र उतरवून झाले व कोणते वाचून झाले याची नोंद. बॅकअप घेताना लोक पहिल्या गोष्टीचा विचार करतात, दुसरी आठवून भरता येईल असे धरून चालतात आणि तिसरी अस्तित्वात आहे हेच त्यांना ठाऊक नसते. खरी अडचण या तिसऱ्या गोष्टीतून उभी राहते, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

सर्व्हरवरून पत्रे आणण्याच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत. त्यांतील पॉप-३ ही पद्धत १९८८ साली मांडली गेली आणि तिचे आज वापरात असलेले प्रमाण १९९६ साली निश्चित झाले. टेलिफोनचे बिल मिनिटावर मोजले जात असे त्या काळाची ही रचना आहे: जोडणी करायची, आलेली पत्रे उतरवून घ्यायची, सर्व्हरवरची काढून टाकायची आणि जोडणी तोडायची. पुढे लोकांना पत्रांची एक प्रत सर्व्हरवरही हवी झाली, तेव्हा प्रश्न आला की दुसऱ्या दिवशी जोडणी केल्यावर नवे पत्र कोणते हे ओळखायचे कसे? त्यासाठी सर्व्हर प्रत्येक पत्राला एक कायमचे ओळखचिन्ह देतो. ते जास्तीत जास्त ७० अक्षरांचे असते. आपल्या संगणकावरील ई-मेल प्रोग्रॅम ही चिन्हे एका छोट्या फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि प्रत्येक वेळी सर्व्हरची यादी आपल्या यादीशी ताडून फक्त उरलेली पत्रे आणतो. थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्ये या फाइलचे नाव ‘पॉपस्टेट.डॅट’ असे आहे. आडत दुकानात माल गोदामात शाबूत असला तरी आवकेची वही हरवली की कोणत्या पोत्याची नोंद झाली आणि कोणत्याची राहिली हे सांगता येत नाही. ही फाइल न आणता नवी सिस्टिम बसवली की ई-मेल प्रोग्रॅमची तीच अवस्था होते. त्याच्या लेखी एकही पत्र उतरवलेले नसते, म्हणून तो सर्व्हरवरची सगळी पत्रे पुन्हा आणतो. जुन्या पत्रांची साठवण आधीच नव्या संगणकावर ठेवलेली असेल, तर प्रत्येक पत्राच्या दोन प्रती दिसू लागतात.

पॉप-३ वापरणाऱ्याने नवी जुळणी करताना ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय पहिल्याच जोडणीपूर्वी तपासणे अत्यंत आवश्यक आहे. तो बंद असेल तर पहिल्याच वेळी सर्व पत्रे या संगणकावर उतरतात आणि सर्व्हरवरून पुसली जातात; त्यानंतर डिस्क बिघडली तर ती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

आयमॅप ही दुसरी पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. तिचा मूळ विचारच वेगळा आहे. पत्रे, फोल्डर आणि ‘वाचले’, ‘उत्तर दिले’ अशा खुणा सर्व्हरवरच राहतात. संगणकावर असते ती केवळ त्यांची प्रत. त्यामुळे सिस्टिम बदलली तरी खाते जोडताच सगळे पूर्ववत दिसते. येथेही प्रत्येक पत्राला क्रमांक असतो आणि प्रत्येक फोल्डरला एक वैधता-क्रमांक असतो. हा वैधता-क्रमांक बदलला तर आपल्याकडची जुनी प्रत निरुपयोगी समजून प्रोग्रॅम ती टाकून देतो आणि सर्व नव्याने उतरवतो. संस्थेने आपला ई-मेल सर्व्हर बदलला की कधी कधी हे घडते, आणि इंटरनेटचा वेग मंद असलेल्या तालुक्याच्या गावी त्यात मोबाइलचा दिवसभराचा डेटाही संपू शकतो. तरीही, एकाहून अधिक उपकरणांवर ई-मेल पाहणाऱ्याने आज आयमॅपच निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी पत्रे आणताना आणखी एक अडचण येते, ती प्रोग्रॅम बदलल्याची. एक्सपीमध्ये आउटलुक एक्स्प्रेस होते आणि ते एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवत असे. २००७ साली आलेल्या व्हिस्टामध्ये त्याची जागा विंडोज मेलने घेतली, जे प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल करीत असे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये वापरण्याजोगा ई-मेल प्रोग्रॅमच दिला नव्हता, तो वेगळा उतरवून घ्यावा लागे. विंडोज १० मधील मेल प्रोग्रॅमचा आधार २०२४ च्या अखेरीस संपला. अशा प्रत्येक टप्प्यावर पत्रांची साठवण करण्याची रीत बदलली, आणि जुन्या फाइल डिस्कवर सुखरूप असूनही नव्या प्रोग्रॅमला त्या दिसल्या नाहीत. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड करताना जुनी सिस्टिम ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवली जाते खरी, पण ती दहा दिवसांनी आपोआप पुसली जाते. म्हणून काही शोधायचे असेल तर ते त्या दहा दिवसांत शोधले पाहिजे. थंडरबर्डमध्ये हे काम सोपे आहे, कारण पत्रे, जुळणीची माहिती आणि वाचनाच्या नोंदी या तिन्ही गोष्टी ‘प्रोफाइल’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये असतात. प्रोग्रॅम बंद करून तो फोल्डर जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर घेतला आणि नव्या सिस्टिमवर योग्य जागी ठेवला की हिशेब तुटत नाही. त्यातील निवडक फाइलच उचलणाऱ्यांचे मात्र पासवर्ड जातात, कारण पासवर्डची फाइल आणि तिची किल्ली असलेली फाइल या वेगवेगळ्या असून दोन्ही लागतात.

आता जोडणीकडे वळू. पत्र पाठवण्यासाठी एसएमटीपी ही पद्धत १९८२ पासून वापरात आहे. तिचे मूळ पोर्ट २५ होते. पण ते आता सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीसाठी राखलेले आहे, आणि वापरकर्त्याने ५८७ किंवा ४६५ वापरावे. पत्रे आणण्यासाठी सांकेतिक जोडणीची पोर्ट आयमॅपला ९९३ आणि पॉप-३ ला ९९५ अशी आहेत. जुन्या वहीत लिहून ठेवलेले १४३ किंवा ११० हे क्रमांक साध्या, उघड्या जोडणीचे आहेत आणि अनेक सेवा ते आता स्वीकारत नाहीत. टीएलएस या सांकेतिक पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवण्यात आल्या. एक्सपीच्या काळातील प्रोग्रॅमला त्यापुढची आवृत्ती ठाऊक नसल्यामुळे पासवर्ड अचूक असूनही जोडणी होत नाही.

पासवर्डबाबतही नियम बदलला आहे. मे २०२२ अखेरीपासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यात बाहेरच्या प्रोग्रॅममधून केवळ नेहमीचा पासवर्ड भरून प्रवेश मिळत नाही. एक तर ब्राउझरची खिडकी उघडून तेथे परवानगी द्यावी लागते, नाही तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो.

मराठवाड्यात जोडणी न होण्याचे एक कारण वरचेवर आढळते आणि ते शोधणाऱ्याला फार फिरवते: संगणकाची चुकलेली तारीख. मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा बटणासारखा सेल घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की वीज गेल्यावर किंवा यंत्र बंद राहिल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सर्व्हर आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवतो त्याला आरंभीची आणि अंतिम अशा दोन तारखा असतात; संगणकाच्या हिशेबाने आरंभीचा दिवस अजून उजाडलेलाच नसतो, म्हणून तो प्रमाणपत्र नाकारतो. भारनियमनाच्या भागात, उन्हाळी सुट्टीत बंद राहिलेल्या शाळेच्या संगणकावर नवी सिस्टिम घालताना आधी घड्याळ पाहावे आणि मगच पासवर्ड बदलण्याच्या उद्योगाला लागावे.

मराठी पत्रांचा प्रश्न मात्र जोडणी झाल्यावरच समोर येतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील चिन्हांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ठरावीक फॉन्टवर अवलंबून असे: संगणकाच्या लेखी ती इंग्रजीचीच अक्षरे आणि चिन्हे असत, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. नव्या सिस्टिमवर तो फॉन्ट नसला की पत्र निरर्थक चिन्हांनी भरलेले दिसते. पत्र बिघडलेले नसते. मूळ फॉन्ट बसवला किंवा त्याच फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये नेला, की ते वाचता येते. युनिकोडमधील पत्राला ही अडचण नाही. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या रीतीत प्रत्येकाला तीन याप्रमाणे पंधरा बाइट लागतात. ई-मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी घडवलेले असल्याने १९९२ च्या माइम या प्रमाणानुसार हे पंधरा बाइट वाटेत वीस इंग्रजी अक्षरांच्या वेशात प्रवास करतात आणि पोचल्यावर पुन्हा मराठी होतात. म्हणून जुन्या कार्यालयीन पत्रांचे युनिकोडमध्ये रूपांतर सिस्टिम बदलण्यापूर्वीच, मूळ फॉन्ट हाताशी असताना करणे शहाणपणाचे आहे.

न्यूजग्रुप ही या सर्वांत कमी ओळखीची, पण विज्ञानाच्या दृष्टीने अतिशय सुंदर रचना आहे. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७९ साली यूजनेटची, म्हणजे अशा गटांच्या जाळ्याची, कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ती कार्यान्वित झाली. यूजनेटला एकच एक केंद्र नाही. लेख एका सर्व्हरवर टाकला की तो शेजारच्या सर्व्हरना देतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना देतात आणि लेख सर्वदूर पसरतो. प्रत्येक सर्व्हर लेखाच्या माथ्यावरील ‘पाथ’ ओळीत आपले नाव जोडतो. ज्या सर्व्हरचे नाव तेथे आधीच आहे त्याच्याकडे तो लेख पुन्हा पाठवला जात नाही, म्हणून लेख गोल गोल फिरत राहत नाहीत. १९९० च्या दशकात ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात देशोदेशीची मराठी माणसे रोमन लिपीत मराठी लिहून याच मार्गाने एकमेकांशी बोलत असत.

ही पद्धत एनएनटीपी या नावाने १९८६ साली इंटरनेटवर आली. तिचे साधे पोर्ट ११९ आणि सांकेतिक पोर्ट ५६३ आहे. गट उघडताच सर्व्हर तीन आकडे कळवतो: अंदाजे लेखसंख्या, पहिला क्रमांक आणि शेवटचा क्रमांक. वाचक-प्रोग्रॅम आपल्या फाइलमध्ये एवढेच टिपतो की अमुक गटात १ ते ४५०० आणि ४५०३ वाचले. ही नोंद अत्यंत आटोपशीर आहे, पण तिच्यात एक मर्म आहे: हे क्रमांक प्रत्येक सर्व्हर लेख आपल्याकडे पोचण्याच्या क्रमाने स्वतः देतो. समजा, एकच लेख एका सर्व्हरवर ९८,००३ वा असेल आणि दुसऱ्यावर ४,५१२ वा. जुन्या नोंदी पहिल्या सर्व्हरच्या ठेवून प्रोग्रॅमला दुसऱ्या सर्व्हरचे नाव दिले, तर त्याच्या मते सगळे वाचून झालेले असते आणि गट रिकामा दिसतो. उलट दिशेने गेल्यास वर्षानुवर्षे वाचलेले लेख न वाचलेले म्हणून समोर येतात. प्रत्येक लेखाला ‘मेसेज-आयडी’ हे जगभर एकमेव असलेले चिन्हही असते आणि उत्तरे मूळ लेखाशी त्याच चिन्हाने जोडलेली असतात. त्यामुळे सर्व्हर बदलला तरी चर्चेचे धागे तुटत नाहीत, तुटते ती फक्त वाचल्याची खूण.

म्हणून सिस्टिम बदलली पण सर्व्हर तोच असेल, तर जुनी नोंद-फाइल सोबत आणावी. सर्व्हरही बदलत असेल, तर ती मुद्दाम मागे ठेवून गटांची सदस्यता नव्याने घ्यावी. गूगल ग्रुप्सवरून यूजनेटवर लिहिण्याची आणि नवे लेख वाचण्याची सोय २२ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली. तेथे आता केवळ जुने लेख पाहता येतात. त्यामुळे ज्यांना ब्राउझरमधूनच वाचण्याची सवय होती त्यांनाही वाचक-प्रोग्रॅम आणि सर्व्हर हे दोन्ही आता स्वतः निवडावे लागते. थंडरबर्डमध्ये ही सोय अजून आहे, आणि इटर्नल सप्टेंबर हा सर्व्हर नोंदणी केल्यावर मजकुराचे गट विनामूल्य देतो. पहिल्यांदा गट उघडताना प्रोग्रॅम किती मथळे उतरवू असे विचारतो. तेथे ‘सर्व’ न निवडता शेवटचे काहीशे मागवावेत. पहिला लेख चर्चेच्या गटात न टाकता चाचणीसाठी राखलेल्या ‘मिस्क.टेस्ट’ या गटात टाकावा, आणि त्यात एक ओळ मराठीत लिहावी. तो लेख परत उतरवल्यावर त्या ओळीतील जोडाक्षरे शाबूत दिसली, तर जोडणी, परवानगी आणि लिपी या तिन्हींची तपासणी एकाच वेळी पूर्ण होते.