गोणीवरचा प्रोटीनचा आकडा आणि आतली मच्छी (आमच्या कस्टमरसाठी जरा सविस्तर)

नमस्कार मालक,

अक्कलकोट रोडला आमची छोटी फीड मिल आहे, काउंटरवर रोज एकच विषय तीन तऱ्हेनं निघतो. एकजण विचारतो कोंबडीच्या खाद्यात मच्छी (म्हणजे सुक्या मासळीची पावडर) आहे ना, दुसरा म्हणतो मच्छी नाही ना बघा हं, आणि तिसरा शेजारच्या दुकानातल्या गोणीचा फोटो दाखवतो, "त्यांच्यावर प्रोटीन बावीस टक्के लिहिलंय, तुमच्यावर वीसच कसं काय?" गर्दीत उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही म्हणून हा कागद छापला, व्हॉट्सअॅपवर पण टाकलाय.

पहिलं म्हणजे कोंबडी शाकाहारी नाही. गावरान कोंबडी उकिरडा उकरते ती काय जोंधळा शोधायला नाही, किडा-आळी दिसली की आधी त्यावर चोच. मका आणि सोया डीओसीच्या (तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीच्या) खाद्यात प्रोटीन भरपूर असतं पण मेथिओनिन नावाचा एक घटक कमी पडतो, आणि तो कमी पडला की बाकीचं प्रोटीन असूनही पिल्लू पाहिजे तसं वाढत नाही, पिसं नीट भरत नाहीत. मच्छीत मेथिओनिन आणि लायसिन (तसलाच प्रोटीनचा दुसरा घटक) दोन्ही चांगले असतात, वर बी-१२ मिळतं जे मका-सोयात नसतंच. पूर्वी म्हणून मच्छीशिवाय खाद्य बनतच नव्हतं. आता मेथिओनिन पावडर वेगळी मिळते, बी-१२ व्हिटॅमिनच्या तयार मिश्रणात (प्रीमिक्समधे) येतं, त्यामुळं मच्छी घालायलाच पाहिजे असं काही राहिलं नाही. आम्ही फक्त पिल्लांच्या खाद्यात घालतो, ५० किलोच्या गोणीला दोन ते अडीच किलो. लेअरच्या मॅशमधे (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात) अजिबात नाही, कारण मच्छी जास्त झाली की अंड्याला वास मारतो, तपकिरी अंड्याच्या काही कोंबड्यांत तर हमखास, आणि अंडं परत आलं की शिव्या आम्हालाच.

आता तो आकडा. हे जरा लक्ष देऊन वाचा, सगळी गंमत इथंच आहे.

लॅबमधे प्रोटीन थेट मोजत नाहीत. मालातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात, जे येईल ते क्रूड प्रोटीन म्हणून रिपोर्टवर. आता नायट्रोजन कशाकशात असतो? युरियात ४६ टक्के. म्हणजे आपल्या उसाला टाकतो त्या युरियाचं 'प्रोटीन' या हिशोबानं २८७ टक्के निघतं! शंभर किलो मच्छी पावडरीत दोन किलो युरिया मिसळला की ४५ ची मच्छी रिपोर्टवर जवळजवळ ५० ची दिसते. म्हशीच्या पोटातले जंतू थोडाफार युरिया वापरून घेतात, कोंबडीला ती सोय नाही, तिला तो नुसता त्रास. मेलामाइन नावाच्या कारखान्यातल्या रसायनाचं पण तसंच, त्यात नायट्रोजन युरियाहून जास्त, ६६ टक्क्यांच्या वर. २००८ ला चीनमधे दुधात मेलामाइनचं प्रकरण झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल, त्याच वर्षी हाँगकाँगला चीनमधनं आलेल्या अंड्यांतपण ते सापडलं होतं, आणि ते कोंबडीच्या खाद्यातनं आलेलं. म्हणजे गोणीत जे घालाल ते अंड्यात उतरू शकतं, हे आम्ही मनानं सांगत नाही.

आणि समजा युरिया नाही, खरंच प्रोटीन आहे, तरी ते पचणारं आहे का? कच्च्या पिसांत ८० टक्क्यांवर प्रोटीन असतं, पण कोंबडीला ते पचत नाही, आत गेलं तसं बाहेर. पिसं प्रेशरवर वाफेनं शिजवून केलेलं फेदर मील थोडं चालतं, पण त्यात लायसिन कमी. चामड्याच्या भुकटीचा आकडा पण भारी येतो आणि क्रोमनं कमावलेलं चामडं असेल तर क्रोमियम फुकट. म्हणून आम्ही सप्लायरला नुसतं "प्रोटीन किती" विचारत नाही, पेप्सिनचा (पोटातल्या पाचक रसाचा) टेस्ट मागतो, त्यात किती भाग पचतो ते कळतं. चांगल्या मच्छीचा ९० च्या आसपास किंवा वर यायला पाहिजे. आमच्या गोणीवर वीस लिहिलंय ते असं वीस आहे.

युरियाचा टेस्ट घरी पण होतो, फुकटात. बार्शीकडचं कच्चं सोयाबीन (भाजलेलं नको, डीओसी पण नको) मूठभर घ्या, मिक्सरला बारीक करा. दोन स्वच्छ बाटल्या घ्या, दोन्हीत दोन-दोन चमचे मच्छी पावडर आणि कोमट पाणी, पण सोयाबीनचं पीठ एकाच बाटलीत. बूच लावून हलवा, अर्धा तास ठेवा, मग उघडून वास घ्या. कच्च्या सोयाबीनमधे युरिएज असतं, ते युरिया फोडून अमोनिया करतं, पोल्ट्रीत लिटर (खाली पसरलेला भुसा) ओलं झाल्यावर डोळ्याला झोंबतो तोच वास. दुसरी बाटली यासाठी की मच्छी सडलेली असेल तर तिला स्वतःचाच तसला वास असतो. सोयाबीनवालीलाच जास्त झोंबलं तर युरियाचा संशय घ्या आणि मग लॅबला पाठवा, नुसत्या वासावर कुणाशी भांडायला जाऊ नका.

वाळू आणि मीठ. आमची स्वतःची गोष्ट सांगतो. सुरुवातीला एका सप्लायरकडनं स्वस्तात सुकी मच्छी उचलली, दिसायला छान, वास पण बरा. आठ-दहा दिवसांत तीन-चार शेडवरनं फोन, लिटर ओलं होतंय, पिल्लं पाणी लई पितायत, पातळ हागतायत. आम्ही पाण्याच्या निपलपासनं औषधापर्यंत सगळं बघितलं आणि शेवटी मच्छी तपासली तर मीठच मीठ. हिशोब सोपा आहे, मच्छीत २० टक्के मीठ असेल आणि ती शंभर किलोत पाच किलो घातली तर एक किलो मीठ तिथनंच आलं, खाद्याला सगळं मिळून अर्धा किलोपण पुरे असतं. त्यावर आपण नेहमीचं मीठ घातलेलं ते वेगळंच. तो सगळा माल आम्ही परत घेतला, तोटा झाला, पण तेव्हापासनं मच्छीचं मीठ आधी मोजायचं आणि वरचं मीठ त्या हिशोबानं कमी करायचं, हा नियम पक्का. वाळूला तर लॅबपण नको, काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर पावडर टाका, ढवळून थांबा, वाळू तळाला बसते आणि बोटाला करकर लागते. किनाऱ्यावर वाळूतच पसरून सुकवलेली मच्छी आणि मंगळूरकडनं येते ती वाफेवर शिजवून, तेल काढून, मशीनमधे वाळवलेली मच्छी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकाच नावानं विकल्या जातात एवढंच. मशीनवाली पण फार तापवून करपवली तर तिच्यात गिझेरोसिन नावाचं विष तयार होतं, पिल्लांच्या पोटाच्या पिशवीला जखमा होतात, काळं ओकतात. तेव्हा रंग काळपट आणि वास जळका असेल तर आम्ही घेत नाही.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा. पत्र्याखाली ठेवलेल्या गोणीत मच्छीचं तेल खवट व्हायला वेळ लागत नाही, जुन्या शेंगतेलासारखा वास यायला लागतो, आणि खवट तेलानं व्हिटॅमिन ई पण मरतं. एप्रिल-मे मधे चिक फीड (पिल्लांचं खाद्य) पंधरा दिवसांचंच न्या, महिन्याचं नको, आम्ही दोन फेऱ्या मारू. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासनं हातभर लांब. उंदराचा बंदोबस्त आधी. साल्मोनेला (हगवणीचा जंतू) मच्छीतनंच येतो असं सगळे समजतात, येतो पण, म्हणून आम्ही लॉटचं सॅम्पल पुण्याला पाठवतो, पण लॉट क्लीन असला तरी तुमच्या शेडवरच्या उंदराच्या लेंड्यांनी तो परत येतो, तिथं आमचा रिपोर्ट काय कामाचा नाही.

मांस-हाडांचं मील आम्ही कुठल्याच खाद्यात घालत नाही. कोंबडीला मॅड काऊ (गाईंच्या मेंदूचा रोग, असल्या खाद्यातनं पसरणारा) होतो म्हणून नाही, कोंबडीत तो रोग दिसलेला नाही. प्रॉब्लेम आपल्या गोठ्याचा आहे. इंग्लंडमधे तो रोग १९८६ ला ओळखला, १९८८ ला गाईंना तसलं खाद्य बंद केलं, तरी नंतर जन्मलेल्या गाईंनाही होतच राहिला, कारण त्याच मिलमधे डुकरं-कोंबड्यांचं खाद्य बनत होतं आणि ते गाईंच्या खाद्यात मिसळत होतं. शेवटी १९९६ ला सगळ्याच पाळीव जनावरांना बंद केलं. आपल्याकडं एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा) नियम दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांच्या खाद्यात मांस-हाडं-रक्त नको असाच आहे, त्यात कोंबडी, डुक्कर, मासे यांना सूट आहे. पण आमच्याकडं मिक्सर एकच, आणि शेळीचं खाद्य पण त्यातच बनतं, म्हणून ती सूट आम्ही घेत नाही. आणि कृपा करून उरलेलं कोंबडीचं खाद्य म्हशीपुढं टाकू नका, आमचं असो नाहीतर कुणाचं. घोडा असेल तर त्याला तर चुकूनसुद्धा नको, पिल्लांच्या खाद्यात कॉक्सीसाठी (आतड्याच्या रक्ती हगवणीच्या रोगासाठी) मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं, घोड्याला ते विष आहे.

एक शेवटचं, हे गावरानवाल्या ताई-वहिनींना जास्त. चिकन सेंटरवरनं आतडी-पाय फुकट मिळतात म्हणून कच्चे टाकू नका. उजनीच्या मच्छीची डोकी, काटे चांगले उकळून, वाळवून, कुटून थोडे घातले तर हरकत नाही. आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर कधीच नको, तिच्यात आळ्या पडतात, त्या आळ्यांत विष साठतं, ते खाऊन दुसऱ्या कोंबड्या मान टाकतात, पाय लुळे पडतात. लोक मानमोडी (राणीखेत) म्हणून भलतीच लस शोधत बसतात. चुना टाकून खोल पुरा.

कुठनंही घेतलेल्या मच्छीची शंका असेल तर सॅम्पल आमच्याकडं आणा, वाळू, मीठ आणि युरिया हे तीन आम्ही तुमच्यासमोर बघून देतो, पैसे नाहीत. सॅम्पल गोणीच्या वरनं नको, वर-मधे-खाली तिन्हीकडनं मूठ-मूठ काढून एकत्र करा, कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून आणा, आणि गोणीचं लेबल फाडून सोबत ठेवा. दुपारी दोन ते चार मिल चालू असते, आवाजात काही ऐकू येत नाही, त्यामुळं सकाळचंच या.